उरलेला गाल

पिंपरीच्या नव्या कारखान्याच्या फाटकासमोर, कडुनिंबाखाली ज्योतीराम दाढ्या करायचा. बसायला चार दगड, फांदीला आरसा आणि हातात वस्तरा-साबणाची धोकटी, एवढंच दुकान. त्याची एक पद्धत होती. एकाचा उजवा गाल झाला, की तो पुढच्याला घ्यायचा. अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक उठून जात नाही.

कारखान्यातल्या अर्जुनराव साहेबांना हे ठाऊक नव्हतं. ते नवीन होते. मोटार वळवायला अडचण होते, तेव्हा तो न्हावी आज उठवा, मी येऊन बघतो, असं मोठ्या साहेबांनी त्यांना बजावलं होतं. अर्जुनरावांनी हनुवटी चाचपली आणि ठरवलं, आधी दाढी करून घ्यावी, मग उठवावं.

उजवा गाल गुळगुळीत झाला. डाव्याला साबण लागला. आणि ज्योतीराम शेजारच्या दगडावर बसलेल्या कामगाराकडे, दादूकडे वळला.

"अरे, माझं राहिलंय."

"हाय की ध्यानात. तवर साबण मुरू द्या."

दादूचा एक गाल झाला, मग त्याच्या पलीकडच्या दगडावरच्या बबनरावांचा सुरू झाला. अर्जुनरावांचा साबण वाळून गाल ओढायला लागला. शेवटी ते भडकले.

"मी कोण आहे माहितीये का? तुला इथून उठवायला आलोय. कंपनीचा हुकूम आहे."

ज्योतीरामचा चेहरा उतरला. चिंचवडात त्याला कुणी जागा दिली नव्हती. घर या झाडावरच चाललं होतं. पण तो वाद घालत बसला नाही. त्याने वस्तरा पुसून धोकटीत ठेवला, आरसा उतरवला.

"मग येतो साहेब."

"दाढी पुरी कर, मग जा."

"न्हाई बा. हुकूम हाय, मोडायचा कसा?"

"आन् आमी ह्या तोंडानं शिफ्टला जायचं व्हय?" दादूने साहेबांनाच विचारलं.

लांबून मोटारीचा हॉर्न ऐकू आला. अर्जुनरावांनी घाईघाईने ज्योतीरामचा हात धरला.

"बस रे, खाली बस."

"हितंच?"

"इथंच."

"आजच्यापुरतं?"

"रोज बस, बाबा. वस्तरा काढ."

"ऐकलं न्हवं मंडळी?" ज्योतीरामने आरसा पुन्हा टांगला. "बसा साहेब. पयला दादू. त्याची शिफ्ट हाय."

मोटार झाडापाशीच येऊन थांबली. मोठ्या साहेबांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"काय अर्जुनराव, झालं का काम?"

"अर्धं झालंय, साहेब."

मोठे साहेब बराच वेळ त्या तीन अर्ध्या चेहऱ्यांकडे बघत राहिले. मग स्वतःच्या गालावरून हात फिरवत खाली उतरले.

"मोटार जरा पलीकडून वळव," ते ड्रायव्हरला म्हणाले आणि रिकाम्या दगडावर बसले.

ज्योतीरामने दादूला मोकळं केलं, मोठ्या साहेबांचा उजवा गाल केला आणि तो बबनरावांकडे वळला.