नानाजींचं विलायती घर

वर्धा जिल्ह्यात घरं पुष्कळ झाली. पण इंग्लंडातलं घर बांधावं ते नानाजींनीच! खोटं सांगत असेन तर त्या घराच्या भिंतीखाली उभं करा मला. ती आता पडेल, मग पडेल, असं वाटून मीच खरं बोलेन!

चोपन्न सालची गोष्ट. भावांशी वाटणी झाली आणि आर्वीजवळचा मळा नानाजींच्या वाट्याला आला. पण मळ्यात घर नव्हतं. बायको भागीरथा माहेरी पवनारला जाऊन बसली. जाताना एकच अट घालून गेली.

"माह्या मायनं जलमभर कुड लिपले, मीबी लिपले. आता कुडाच्या घरात पाय ठेवीन तर नाव नाई सांगणार! पक्कं घर बांधा, मंग मले न्यायले बैलाची दमणी पाठवजा."

कुड म्हणजे तुराट्या विणून त्यावर शेणमाती थापलेली भिंत. गरिबाची भिंत.

दोन महिने स्वतःच्या हातच्या भाकरी खाऊन नानाजी असे वाळले, की डोक्यावर पागोटं आहे की पागोट्याखाली डोकं टांगलंय, ते कळेना.

"पक्कं काय म्हंता? तिले विलायती घरात ठेवतो!" त्यांनी चारचौघांत जाहीर केलं.

कारण त्यांच्या हाती एक चित्र लागलं होतं. गुलाबभाऊ म्हणून एक म्हातारा आचारी. कापसाच्या जिनातल्या गोऱ्या साहेबाकडं वीस वर्षं रांधलं. साहेब मायदेशी जाताना आपल्या गावच्या शेतकऱ्याच्या घराचं चित्र त्याला देऊन गेला. पांढऱ्याशुभ्र भिंती, त्यावर काळी लाकडं, उभी, आडवी, तिरपी. छप्पर डोंगरासारखं उतरतं. आणि वरचा मजला खालच्याच्या पुढं आलेला, जसं पंगतीतून उठलेल्या व्याह्याचं पोट!

पुंडलिक मिस्त्रीनं चित्र पाहून कपाळाला हात लावला.

"नानाजी, याची तं हाडं भायेर आलीत! आंधी मास झाका ना बाप्पा!"

"विलायतेत हाडंच दाखवतात. तू चित्रावानी कर. एका केसाचा फरक चालणार नाई!"

मिस्त्रीनं सागाचे खांब उभे केले. सरळ, जसे परेडीतले शिपाई. नानाजी आले, त्यांनी चित्र झाडाला टांगलं आणि त्यावर मिस्त्रीचाच ओळंबा धरला. दोरी सरळ, घर डावीकडं कललेलं!

"मिस्त्री, तुहे खांब चुकले."

"अवो, ते घर म्हातारं असन! वाकलं असन!"

"साहेबाचं घर वाकते? मुद्दाम बांधलं हाये तसं. कलव!"

मिस्त्रीच्या डोळ्यांत पाणी आलं. "नानाजी, माह्या बापानं मरताना हा ओळंबा हाती देल्ला. काऊन पाप करायले लावता?"

पण भागीरथा विलायती घरात यायची होती. खांब कलले. चारशे वर्षांचा वाक मिस्त्रीनं चार आठवड्यांत आणला! उतरत्या छपरावरून कौलं, म्हणजे आमचे कवेलू, घसरायचे. ते तारेनं बांधले. दार लावलं की आपोआप उघडायचं. नानाजींनी ते पाहुण्यांच्या स्वागतात जमा केलं.

आता लाकडांच्या मधल्या जागा राहिल्या. तिथं काय भरतात हे चित्रात दिसेना. नानाजी गुलाबभाऊकडं गेले.

"पांढऱ्या भिंतीत काय असते गा? संगमरवर?"

"साहेबानं सांगतलं होतं मले," गुलाबभाऊ डोळे मिटून म्हणाला. "बारीक लाकडं विनायची. वरून माती, शेन अन् भुसा कालवून थापायचा. मंग चुना."

नानाजी मटकन खाली बसले. "म्हंजे... कुड?"

"कुडच. पन विलायती! चारशे वर्सं उभं हाये म्हने ते घर!"

सागाला होता नव्हता तो पैसा लागला होता. विटा कुठून आणणार? कुणाला दिसू नये म्हणून नानाजींनी घराभोवती कापडं बांधली, कुठं बोलायचं नाही अशी मिस्त्रीला बैलाची शपथ घातली आणि स्वतः माती तुडवली. भुसा कुठला? हरभऱ्याचं कुटार घरचंच होतं, तेच टाकलं. वरून चुन्याचे दोन हात दिले आणि दमणी पवनारला धाडली.

आठव्या दिवशी भागीरथा आली. सोबत थोरला भाऊ चंद्रभान. घर बघताच तिचा हात तोंडावर गेला.

"अवो माय! हे आपलं?"

"विलायती," नानाजी म्हणाले.

चंद्रभाननं मान आधी डावीकडं कलवली, मग स्वतःच कलला. आत पाण्याचा तांब्या खाली ठेवला, तर तो आडवा झाला अन् गडगडत दारातून बाहेर गेला.

"भावजी, हा चालला कुठं?"

"हवा खेळती राहावी म्हणून उतार असते," नानाजींनी ठोकून दिलं.

पण भागीरथाचं लक्ष भिंतीकडं होतं. पांढऱ्याशुभ्र चुन्यातून हिरवं काहीतरी डोकावत होतं. एक नाही, दोन नाही, अख्खी भिंत हिरवीगार! दमणीच्या बैलानं तर बाहेरून चरायला सुरुवातही केली होती!

"अवो, विलायती भिंतीले हरभरा काऊन फुटून राह्यला?"

तिनं एक रोप उपटलं. रोपाबरोबर मातीचा ढपला निघाला आणि आतून तुराटी दिसली.

बहिणीला परत न्यावं अशा नजरेनं चंद्रभाननं दमणीकडं पाहिलं. नानाजींनी चित्र पुढं केलं आणि सगळं सांगून टाकलं. अगदी मिस्त्रीच्या ओळंब्यापर्यंत.

भागीरथानं चित्र हातात घेतलं.

"तिकडच्या बायाबी कुडच लिपतात?"

"व्हय."

"चारशे वर्सं टिकलं? मंग लिपणारीन खमकी असन." तिनं पदर खोचला. "अन् हे कोनं लिपलं?"

"म्या."

"तवाच! कुटार चाळून घ्यायचं असते, एवढं बी समजत नाई. पाय ठेवणार नाई म्हनलं होतं, पन आता ठेवून झाला. मी लिपणार मात्र नाई. तुमी लिपा, मी सांगीन!"

तेव्हापासून दर आठवड्याला विलायती घर नानाजीच लिपतात. पुंडलिक मिस्त्री त्या वाटेनं जाताना मान कलती करून जातो. तेवढी कलवली की म्हणे घर सरळ दिसतं.

त्या दिवशी मात्र भागीरथानं भिंत खुडली आणि हरभऱ्याची भाजी टाकली. इतक्या महिन्यांनी नानाजींपुढं तिच्या हातचं ताट आलं. तीनदा धुऊनही भाजीला चुन्याची चव होतीच.

"कशी झाली?"

"फस्कलास!" नानाजी म्हणाले आणि घरासोबत हळूच डावीकडं कलत त्यांनी आणखी वाढून घेतली.