रंगूबाईचं वाण

शाम्पू संपला ही बातमी रंगूबाईंनी सुनेच्या, राणीच्या, कानात सांगितली, तेव्हा ओसरीवर अजून निम्मा गाव ओटी भरून घ्यायचा राहिला होता.

संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. मागल्या वर्षी सरपंचांच्या शालूबाईंनी वाण म्हणून प्लॅस्टिकच्या साबणाच्या डब्या वाटल्या होत्या आणि तेव्हापासून रंगूबाईंना नीट झोप नव्हती. या खेपेला त्यांनी वडूजच्या बाजारातून शाम्पूच्या पुड्यांचं खोकं आणलं. एक पुडी फोडली की डोकंभर फेस, असं दुकानदारानं सांगितलं होतं. ते गावभर झालं, आणि दरवर्षी लेकीसुनांना धाडून मोकळ्या होणाऱ्या बायका यंदा जातीनं आल्या. बोलावणं नसलेल्याही आल्या.

"मी बेतानं आणलावता. कुणीतरी हात मारलाय," रंगूबाई पुटपुटल्या. "तू हितंच थांब आन कुकू लाव. मी आत बघून येते."

राणी कुंकू लावत राहिली. तेवढ्यात रोजच्यासारखी लाईट गेली. रंगूबाई चिमणी घेऊन आत गेल्या आणि थोड्या वेळानं ताट भरून पुड्या घेऊन बाहेर आल्या. चेहऱ्यावर चोर पकडल्याचं तेज होतं.

"ट्रंकंत, तुझ्या लग्नाच्या शालूखाली, खोकंच्या खोकं!" त्या सुनेच्या कानाशी फिसकारल्या. "सासूचा शाम्पू दडवतीस व्हय गं?"

राणीचं बोट तेव्हा शालूबाईंच्या कपाळाकडे निघालं होतं, ते नाकावर टेकलं. शालूबाई लालेलाल नाकानं तशाच बसून राहिल्या. पण ट्रंकेतल्या शालूखालच्या खोक्यात शाम्पू नव्हता. निरोध होते.

ते तिनं आणले होते स्वतःसाठी. नवरा इंद्रजित कुपवाडच्या एमआयडीसीतून माल भरून ट्रक घेऊन जायचा, तो कधी इंदूर, कधी मद्रास. महिना-महिना तोंड दिसायचं नाही. माणूस वाईट नव्हता, पण रस्ता लांबचा होता आणि धाब्यावरच्या गोष्टी राणीच्याही कानावर आल्या होत्या. तिच्या माहेरी, तासगावकडे, तिची बालमैत्रीण रत्नमाला अशाच एका ड्रायव्हरच्या घरात दिली होती. नवरा वाळत वाळत गेला. मागून रत्नमालाही आजारी पडली आणि सासरच्यांनी तिला तिच्या भांड्याकुंड्यांसकट माहेरच्या दारात आणून सोडलं. तिला बघून आल्यापासून राणीनं मनाशी ठरवलं होतं, की इंद्रजितनं रक्त तपासल्याशिवाय आपण भाबडेपणानं संसार करायचा नाही. ठरवणं सोपं होतं. नवऱ्याला सांगणं म्हणजे मात्र वाघाच्या तोंडात हात घालणं होतं. म्हणून आधी सोय करावी, असा विचार करून ती आरोग्य उपकेंद्रातल्या नर्सबाईकडे चार पुड्या मागायला गेली, तर नर्सबाई म्हणाली, "चार कशाला? खोकंच न्या. कोणी हात लावत नाही, नुसतं पडून आहे."

"आत्या, ते वाटू नगा," राणी कशीबशी म्हणाली.

"का? तुझ्या म्हायेरास्नं आलंय?"

"त्यो शाम्पू न्हवं..."

"मला शिकवू नगंस. मला बघितलं की कळतंय."

आणि रंगूबाईंनी वाटायला सुरुवात केली. सुनेनं दडवलेला माल वाटताना हात सढळ होतो. पहिल्या बायकांना एकेक पुडी मिळाली होती, आता शालूबाईंपासून पुढं प्रत्येकीला दोन-दोन. बोरं, घाटे आणि उसाच्या कांड्यांबरोबर पुड्या पदरात पडल्या आणि अंधारात घरोघर पोचल्या. चिमणीच्या उजेडात पुडीवरचा कुटुंबनियोजनाचा लाल तिकोन कोणाला दिसला नाही. राणी देवघराजवळ जाऊन बसली आणि देवाला काय मागावं ते तिला सुचेना.

सकाळी गावात चुली पेटल्या, न्हाणीत पाणी तापलं आणि बायका मोठ्या हौसेनं न्हायला बसल्या. केरबाच्या बायकोनं पुडीतला ऐवज तांब्याभर कढत पाण्यात टाकला आणि विरघळायची वाट बघत बसली. तो विरघळेना, उलट पाण्यावर तरंगू लागला. शालूबाई जास्त हुशार. त्यांनी ते ताणून बघितलं, हात तेलकट झाले तसं त्यांच्या ध्यानात आलं, की शहरातल्या बायका न्हाताना केस भिजू नयेत म्हणून टोपी घालतात, ती हीच. पण ती डोक्यात बसेना. म्हणून त्यांनी नवऱ्याला हाक मारली. दादासो सरपंचांनी कुटुंबनियोजनाच्या शिबिरात फोटोग्राफरसमोर उभं राहून याच पुड्या वाटल्या होत्या. बायको ओल्या केसांनी काय ओढतेय हे बघून त्यांच्या हातातला चहा सांडला.

नानासो, म्हणजे राणीचे सासरे, चावडीपुढच्या हॉटेलातून अर्धा कप चहा तसाच टाकून घरी आले. येऊन बसले, उठले, परत बसले.

"काय झालं?" रंगूबाईंनी विचारलं.

"तू काल काय वाटलंस?"

"शाम्पू."

"त्यो शाम्पू न्हवता."

"मग काय हुतं?"

नानासोंनी इकडेतिकडे बघितलं. "सरकारी हुतं," ते म्हणाले, आणि टोपी काढून तिनंच वारा घेऊ लागले.

याहून जास्त खुलासा त्यांना करावा लागला नाही, कारण तोवर शालूबाई दारात उभ्या होत्या. मागं पाच-सहा बायका, सगळ्यांचे केस अर्धवट ओले. शालूबाईंनी पदराखालून शिल्लक राहिलेली पुडी काढली.

"ह्ये घे तुझं वाण माघारी. आन गावच्या लेकीसुनांस्नी ह्ये वाटाय तुला कुणी शिकवलं ते सांग!"

रंगूबाईंनी पुडी उजेडात धरली. उपकेंद्राच्या भिंतीवरचा लाल तिकोन त्या वर्षानुवर्षं बघत आल्या होत्या. तोच पुडीवर होता. त्यांनी सावकाश मान वळवून सुनेकडे बघितलं.

नानासोंना सुनेची दया आली. ते घाईघाईनं म्हणाले, "बाजारात खोकं बदललं आसंल. गर्दी लय हुती."

सगळ्यांना ते पटलं असतं. राणीनं नुसती मान हलवायची होती. पण मग खोकं चुलीत गेलं असतं, आणि इंद्रजित उद्या येणार होता. राणीनं हातातली कळशी खाली ठेवली.

"बदललं न्हाई, मामा. ते माझं हाय. मी मागून आणलंया, माझ्यासाठी."

शालूबाईंच्या मागच्या बायका एक पाऊल पुढं सरकल्या.

"माझी मैतरीण हाय, रत्नमाला. तिचा नवरा बी गाडीवरच हुता," राणी म्हणाली. "एड्स झाला आन गेला. जाताना तिला बी देऊन गेला. तिनं काय पाप केलंवतं? लगीन केलंवतं, एवढंच. आता तिला हळदीकुंकवाला कुणी बोलवत न्हाई आन दवाखान्यात कुणी शिवत न्हाई. मला तसं मरायचं न्हाई. तुमास्नी लाज वाटती तर वाटू द्या. मला भ्या वाटतंय, आन भ्या लाजंपरास मोठं हाय."

"ऐकलंस का रंगूबाय?" शालूबाई कडाडल्या. "तुझी सून तुझ्या पोराला तसला म्हणतीया! आन तिचं हे तू चुकून गावभर वाटलंस!"

इथं शालूबाईंचं गणित फसलं. बाकी काही म्हटलं असतं तरी चाललं असतं, पण 'चुकून' म्हणायला नको होतं. रंगूबाईंनी उभ्या आयुष्यात चूक कबूल केली नव्हती. भाकरी करपली तर तवा वाईट, वाट चुकली तर रस्ता नवा झालेला. त्यांनी पुडी शालूबाईंच्या हातात परत कोंबली आणि पदर खोचला.

"चुकून? कोण म्हणतंय चुकून? म्या समजून दिलंया."

नानासोंनी डोळे मिटून घेतले.

"वाण कशापायी देत्यात गं, शालूबाय? सवाष्णीचं कुकू टिकावं म्हणून. मग ते साबणाच्या डबीनं टिकतंय व्हय? तुझा मालक सांगलीला मीटिंगंला जातोय, हिचा ऊसतोडीला जातोय, माझा ल्योक गाडीवर जातोय. जाणारा जातोय आन घरात बसून मरायचं बाईनं? कुठं लिवलंय? आन ते वाण माघारी घ्यायचं म्हणशील, तर वाण कोण माघारी देतं का? ठेव माझ्या उंबऱ्यावर. मग तुझ्या सौभाग्याचं तू बघ."

शालूबाईंचा हात उंबऱ्याच्या वर येऊन अडकला. वाण परत करायचं नसतं, हे त्यांच्या आईनं सांगितलं होतं आणि आईला तिच्या आईनं. त्यांनी उंबऱ्याकडे बघितलं, पुडीकडे बघितलं आणि पुडी मुकाट्यानं कमरेला खोचली. मागच्या बायकांनी एकमेकींकडे बघून तेच केलं.

बायका गेल्यावर राणी सासूच्या बोलण्याची वाट बघत उभी राहिली. रंगूबाईंनी ताटात उरलेली एक पुडी उचलून हातात फिरवली.

"किती वर्साची हाय तुझी मैतरीण?"

"माझ्याएवढीच."

रंगूबाईंनी डोळ्याला पदर लावला. मग ताटात उरलेला तिळगूळ फडक्यात बांधून सुनेपुढं ठेवला. "म्हायेरी जाशील तवा तिला दे. कपाळाला कुकू लाव. कोण काय बोललं तर माझं नाव सांग." आणि लगेच आवाज चढवून म्हणाल्या, "आन असलं खोकं ट्रंकंत ठेवत्यात व्हय? फळीवर ठेव, हाताशी."

दिवस कलल्यावर परसदाराची कडी वाजली. शालूबाई होत्या, डोक्यावरून पदर पुरता पुढं ओढलेला.

"रंगूबाय, आमची प्रियंका वैशाखात उजवायची. जावई कलकत्त्याला सोनं गाळायला हाय. वर्सातनं एकदा येतोय." त्या अडखळल्या. "पोरीला कायबी ठावं न्हाई. तुझ्या सुनंला म्हणावं, चार गोष्टी सांग तिला. पर कुणाला कळू देऊ नगा."

"सांगंल की," रंगूबाई म्हणाल्या. "पर पुढल्या दारानं घेऊन ये. मागल्या दारानं म्या वाण देत न्हाई."

दुसऱ्या दिवशी दुपारी इंद्रजित फाट्यावर उतरला. टपरीवर त्याला सगळी हकीकत मीठमसाला लावून मिळाली होती. तो तावातावानंच घरात शिरू लागला.

"आई, काय तमाशा लावलाय ह्यो?"

रंगूबाई उंबऱ्यात आडव्या उभ्या राहिल्या. "सोमवारी सांगलीच्या सरकारी दवाखान्यात जायचं आन रगात तपासायचं. मग तमाशाचं बोलू."

इंद्रजितनं राणीकडे बघितलं. "माझ्यावर इस्वास न्हाई तुझा?"

"मी संगं येतीया," राणी म्हणाली. तिनं नजर खाली घातली नाही. "माझं बी तपासणार हाय. तुमी न्हाई आला, तर मी एकटी जाईन. आन मग ह्या घरात माझी वाकळ निराळी, हातरूण निराळं."

इंद्रजित ओसरीच्या कडेला बसला आणि चपलेच्या टोकानं माती उकरू लागला. "आमच्या गाडीवाल्यांतला भाऊसो गेला दिवाळीत," तो हळूच म्हणाला. "कशानं, ते कुणीच बोललं न्हाई. समद्यांस्नी ठावं हुतं." मग चपला काढून बाजूला ठेवल्या आणि म्हणाला, "जाऊ सोमवारी."

"एकदा तपासून भागत न्हाई," राणी म्हणाली. "तीन म्हैन्यानं परत तपासाय लागतंय. नर्सबाईनं सांगितलंय."

"तीन म्हैने?" इंद्रजितनं मान वर केली. "आन तवर?"

रंगूबाई पाठमोऱ्या होऊन रांजणातलं पाणी काढत होत्या.

"तवर वाण हाय घरात," त्या म्हणाल्या.

नानासो तातडीनं मेंढरं बघायला गेले. इंद्रजितच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, मग त्याला हसू आलं आणि राणीलाही. त्यानं पिशवीतून चकचकीत पुड्यांची एक माळ काढली आणि बायकोपुढं धरली. "तुझ्यासाठी आणलावता. शाम्पू हाय."

राणीनं हात पुढं केला, पण मधेच रंगूबाईंनी माळ उचलली. उजेडात धरली, उलटी करून बघितली, दाबून बघितली, वास घेतला. मग ती सुनेच्या हातात दिली.

"थांब," त्या म्हणाल्या. "आदी वाचून दाव."