शांतवनरावांच्या टाचा

शांतवनराव पाटोळ्यांचा उजवा हात त्यांच्या ताब्यात नव्हता. तसा हात ठणठणीत होता. न्हावा शेवाच्या एका कंटेनर यार्डात दिवसभर रजिस्टर भरायचा, संध्याकाळी भाजीची पिशवी सांभाळायचा. पण रविवारच्या उपासनेत कोणी ‘स्वयंसेवक हवेत’ म्हणालं, की काम काय आहे हे कळायच्या आत तो आपोआप वर जायचा. या हातापायी शांतवनराव नाताळचा तारा बांधताना गच्चीच्या कठड्यावर अडकून पडले होते, आणि संडे स्कूलच्या नाटकात मेंढरू झाले होते (वय वर्षं सत्तेचाळीस). त्यांची बायको रंजिता म्हणायची की घरात पंखा पुसायचा असला की मात्र हाच हात खांद्यापासून दुखतो.

२०११ सालच्या मार्चमधल्या एका रविवारी हा हात असाच वर गेला.

त्यांची लुथरन मंडळी म्हणजे रोडपालीत जमणारी चाळीसेक कुटुंबं. कोणी नगरकडची, कोणी जालन्याची, चार घरं आंध्रातली. स्वतःचं चर्च बांधून व्हायचं होतं (गेली अकरा वर्षं व्हायचंच होतं), तोवर काळूराम म्हात्र्यांच्या इमारतीचा तळमजल्यावरचा हॉल भाड्यानं घेतलेला. काळूरामशेठ इथले मूळचे. जिथे त्यांच्या वडिलांनी भात लावला तिथे त्यांनी चार मजले लावले. त्यांतल्या तिसऱ्यावर पाटोळे राहायचे.

पास्टर मात्र नवे होते. रेव्हरंड सेल्वराज जानेवारीत तमिळनाडूहून आले, ते मराठी बायबलवरून मराठी शिकून. त्यामुळे ते रिक्षावाल्यालाही ‘बंधो, मला पनवेल स्थानकापर्यंत घेऊन चल, आणि तुझ्या मनात कपट नसो’ असं सांगायचे. रिक्षावाले इतके गांगरायचे की मीटर टाकायचे.

तर त्या रविवारी पास्टर म्हणाले, गुड फ्रायडेच्या आदल्या गुरुवारी, म्हणजे प्रभूने शेवटचं भोजन केलं त्या संध्याकाळी, आपल्याला बारा स्वयंसेवक हवेत. शांतवनरावांचा हात वर. मग पास्टरांनी वाक्य पुरं केलं. प्रभूने त्या रात्री आपल्या बारा शिष्यांचे पाय धुतले, तसे मी या बारा जणांचे पाय धुईन.

सगळ्यांनी पाय खुर्चीखाली घेतले. शांतवनरावांचा हात एकटाच वर राहिला, आणि आता तो खाली घेणं वाईट दिसलं असतं.

घरी आल्यावर रंजितानं पहिलं काम केलं ते म्हणजे नवऱ्याला पलंगावर पालथं पाडून त्याच्या टाचा पाहिल्या. वीस वर्षं यार्डाच्या तापल्या डांबरावर फिरून त्या टाचांची जी दशा झाली होती ती इथे सांगण्यासारखी नाही. रंजितानं एका भेगेत नख घालून पाहिलं. मग म्हणाली, "हे पाय मंडळीपुढे जाणार? माझं माहेर नगरचं आहे हो. लोक म्हणतील, बाईनं नवऱ्याकडे बघितलंच नाही."

त्या दिवसापासून घरात टाचांचा कार्यक्रम सुरू झाला. काळूरामशेठच्या आई भीमाबाईंनी कोकमच्या तेलाचा गोळा दिला. रोज संध्याकाळी गरम पाण्यात पाय, मग वजरीनं घासणं, मग तेल वितळवून लावणं. तेल लावलेल्या पायांनी शांतवनराव दोनदा स्वयंपाकघरात शिरले आणि दोन्ही वेळा बाथरूमपाशी थांबले (मधलं अंतर त्यांनी बसून कापलं). यार्डात साहेबांनी विचारलं की पाटोळे, लंगडताय का. शांतवनराव म्हणाले, धर्मकार्य चालू आहे.

टाचा सुधारत होत्या. बाकीचे अकरा मात्र मिळत नव्हते, कारण पास्टरांनी ती यादीही शांतवनरावांकडेच दिली होती.

गंमत अशी, की पाय धुवायला सगळे तयार होते. निवृत्त मुख्याध्यापक जगताप सर म्हणाले, "मी पास्टरांचे धुतो. दोनदा धुतो. पण देवाच्या माणसानं माझ्या पायाशी बसायचं? मला नरकात पाठवायचा बेत आहे का तुमचा?" ऐंशीच्या घरातल्या सोनाबाईंनी तर कानांवर हात ठेवले आणि सांगितलं की त्याआधी मला माती द्या. गिटार वाजवणारा केतन म्हणाला की आदल्या दिवशी ठरवू. एकानं डॉक्टरचा सल्ला पुढे केला, एकानं घरूनच स्वच्छ धुऊन आलो तर चालेल का अशी चौकशी केली. धुणाऱ्यांच्या यादीत एकोणचाळीस नावं झाली, धुऊन घेणाऱ्यांच्या यादीत एक. ते पहिल्या दिवसापासून होतंच.

शांतवनरावांनी ही यादी पास्टरांना दाखवली तेव्हा ते हसतील असं त्यांना वाटलं होतं. पास्टर हसले नाहीत. कागद घडी करून परत देत म्हणाले, "शांतवना, तीन महिने झाले. प्रत्येक घरी मला चांगल्या कपात चहा मिळतो, आणि कोणीही आपले दुःख सांगत नाही. मी यांचा पाहुणाच राहिलो. जो मेंढपाळ पाहुणा आहे त्याने निघून जावे हे बरे. ईस्टरनंतर मी बदलीसाठी वर बिशपांना पत्र लिहीन."

फेब्रुवारीत शांतवनरावांची आई गेली तेव्हा हा माणूस सलग चार दिवस त्यांच्या घरी येऊन कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसला होता. सांत्वनाचे शब्द अजून शिकलो नाही, असं पहिल्याच दिवशी सांगून, गुपचूप बसला होता. असा पास्टर जाऊ द्यायचा नाही. शांतवनरावांनी कंबर कसली. घरोघर फिरले, हात जोडले, दोघांना तर पाया पडायची धमकी दिली (पाय वाचवायला ते लगेच कबूल झाले). पवित्र आठवड्याच्या बुधवारी यादीत बरोबर बारा नावं होती. जगताप सरांचं बारावं.

गुरुवारी मात्र इमारतीपुढेच काळूरामशेठच्या मुलाच्या, कल्पेशच्या हळदीचा मांडव पडला. डीजेच्या भिंती रचल्या गेल्या, उरणहून टेम्पो भरून पाहुणे आले. पण काळूरामशेठ शब्दाचे पक्के. तुमची प्रार्थना सुटेपर्यंत, म्हणजे आठ वाजेपर्यंत, डीजेला हात लावू देणार नाही, असं त्यांनी सांगितलं आणि तसं केलं. दुपारची हळद खेळून झालेले पाहुणे पिवळे होऊन मांडवात नुसते बसून राहिले.

साडेसहाला हॉलमध्ये बारा प्लॅस्टिकच्या खुर्च्या ओळीनं मांडल्या होत्या. बायबलमधलं वचन वाचून झालं. पास्टरांनी पांढऱ्या झग्यावर कमरेला टॉवेल बांधला, टबात पाणी ओतलं आणि बारा जणांना पुढे बोलावलं. शांतवनराव गेले आणि पहिल्या खुर्चीवर बसले. चपला सोडल्या. कोकमच्या तेलानं टाचा चमकत होत्या.

दुसरं कोणी आलं नाही.

शांतवनरावांनी मागे पाहिलं. केतन गिटारची तार पिळत होता. जगताप सर भजनाच्या पुस्तकातलं काहीतरी फार बारकाईनं वाचत होते (पुस्तक उलटं होतं). अकरा रिकाम्या खुर्च्या आणि टॉवेल बांधून उभा असलेला एक साठीचा माणूस. पास्टरांनी नजर खाली घातली. आता ते टॉवेल सोडणार, हे शांतवनरावांना दिसलं. त्यांना संताप आला, रडूही आलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे ते उठले, "एक मिनिट हं पास्टर" म्हणाले, आणि अनवाणीच हॉलबाहेर पळाले.

मांडवात काळूरामशेठ पानाचा विडा लावत होते. शांतवनरावांनी धापा टाकत त्यांच्याकडे अकरा माणसं मागितली, अर्ध्या तासापुरती.

"काय उचलाचं हाय?" काळूरामशेठनी विचारलं.

"उचलायचं काही नाही. बसायचंय."

"बसाला अकरा मानसं?"

शांतवनरावांनी सगळं सांगितलं. पाय धुणं, यादी, पास्टर, पत्र. हेही सांगितलं की ही आमच्या उपासनेतली रीत आहे, मनाला पटलं तरच या. शेठ विचारात पडले. पण शेजारी उरणचे तुळशीराम नाखवा बसले होते, सत्तरीचे, सगळा जन्म समुद्रावर गेलेले. ते उठून उभेच राहिले.

"यात इचार कसला? सोयरा दारात आला का पाय धुवाचंच, आमच्यात बी हाय. आनि तो मानूस पानी घेऊन हुबा हाय, न् तुमची मानसं बसत नाय? त्याला काय वाटत असंल?" मग मांडवाकडे वळून, "चला रं. डीजे नाय तं नाय, पाय तरी धुवून घेऊ."

तुळशीराम नाखवांमागून दहा जण उठले. हे अकरा पिवळे पाहुणे शांतवनरावांमागून हॉलमध्ये शिरले तेव्हा मंडळीच्या माना वळल्या. पाहुण्यांना संकोच माहीत नव्हता. ते खुर्च्यांवर ऐसपैस बसले आणि पाय पुढे केले, घोट्यापर्यंत हळदीचे.

पास्टरांनी कमरेचा टॉवेल पुन्हा घट्ट केला. मग गुडघ्यांवर बसले आणि तुळशीरामांचा पाय हातात घेऊन, धुता धुता, त्यांना सांगू लागले की त्या बारा जणांतले कित्येक कोळीच होते, जाळी टाकून पोट भरणारे.

तुळशीरामांनी आस्थेनं विचारलं, "कनचं जालं? डोल, का पाग?"

धर्मशास्त्राच्या कॉलेजात हे कोणी शिकवलं नव्हतं. पास्टर म्हणाले, "बाबा, ते मला ठाऊक नाही. तुम्ही मला शिकवा." मग तुळशीराम पाय टबात ठेवून हातवारे करत पाग कसा फेकायचा ते सांगू लागले, आणि पास्टर टॉवेल हातात धरून ऐकू लागले. तीन महिन्यांत त्यांच्याशी इतकं मोकळं कोणीच बोललं नव्हतं.

पुढच्या दोघांचेही पाय धुऊन झाले, तेव्हा मागून काठी आपटल्याचा आवाज आला. सोनाबाई उठल्या होत्या. तरातरा पुढे आल्या आणि चौथ्या खुर्चीवरच्या पाहुण्याला म्हणाल्या, "तुझं झालं ना बाबा? ऊठ. माझा पास्टर आहे तो. परगावच्यांचे धुतो आणि माझे राहतात म्हणजे काय?"

मग धरणच फुटलं. केतन गिटार टाकून आला. आंध्रातली चारही घरं आली. बायकांसाठी पास्टरीणबाईंनी दुसरा टब मांडला. जगताप सर सर्वांत शेवटी आले, बूट काढायला त्यांनी फार वेळ घेतला, आणि काढल्यावर कळलं की प्रश्न नरकाचा नव्हता, मोज्यांचा होता. दोन्ही अंगठे बाहेर होते. पास्टर ते पाहून पोट धरून हसले. सरही हसले. आणि पाय टबात गेल्यावर सर अचानक हळू आवाजात, अमेरिकेतल्या मुलाचा सात महिन्यांत फोन नाही, असं सांगू लागले. पास्टर तसेच बसून ऐकत राहिले.

हॉलचं पाणी संपलं. मांडवातून काळूरामशेठनी तांब्याचं मोठं घंगाळ धाडलं. शांतवनराव हॉल ते मांडव, मांडव ते हॉल बादल्या वाहू लागले, अनवाणी, आचाऱ्यांनी सांडलेल्या खरकट्या चिखलातून. पास्टरांचा पांढरा झगा गुडघ्यापर्यंत हळदीनं पिवळा झाला. दारात उभ्या भीमाबाई म्हणाल्या की आता यांनाबी मुंडावळ्या बांधा. साठ माणसांचे पाय धुऊन झाले तेव्हा आठ वाजून गेले होते आणि डीजेवाला हात जोडून दारात उभा होता.

तेव्हा कुठे पास्टरांनी विचारलं, "शांतवन कोठे आहे?"

शांतवनरावांना पहिल्याच खुर्चीवर बसवलं. त्यांनी खाली पायांकडे पाहिलं आणि ते मागे ओढले. महिनाभराची कोकमची मेहनत गेली होती. चिखल, भात, गुलाल, हळद, सगळं चढलं होतं. पास्टरांनी ते पाय पुढे ओढून घेतले. बोटाबोटातून धुतले, त्या फुटक्या टाचा तळहातावर घेऊन कोरड्या केल्या, आणि तसेच बसून म्हणाले, "हे सर्वांत मळलेले आहेत. हे बरे झाले." मग टॉवेल पिळत, "पुढल्या वर्षी घंगाळ दोन आण."

पुढल्या वर्षी. शांतवनरावांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते त्यांनी लपवलं नाही. पत्र जाणार नव्हतं. पास्टर राहणार होते.

बाहेर डीजे एकदम दणाणला. शांतवनराव चपला हातात घेऊन निघाले, कारण हे पाय आता चपलेत कोंबायचे नाहीत असं त्यांनी ठरवलं होतं. मांडवातून लोकांनी त्यांना रस्ता करून दिला. तुळशीराम नाखवांनी मिठी मारली. काळूरामशेठनी त्यांना दोन पावलं नाचवलंही. तीन मजले ते जिना चढले की तरंगले, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. उद्याच्या गुड फ्रायडेची तयारी होती म्हणून रंजिता आपले पाय धुऊन होताच घरी आली होती. ती निघाल्यानंतरचा सगळा विजय तिला सांगायचा, असं मनाशी ठरवून शांतवनरावांनी बेल दाबली.

रंजितानं दार उघडलं. तिनं नवऱ्याचा चेहरा पाहिला नाही. तिची नजर सरळ खाली गेली.

"अगं, पास्टरांनी स्वतःच्या हातांनी धुतलेत," शांतवनराव पाय पुढे करून म्हणाले.

"दिसतंय," रंजिता म्हणाली, आणि पोछ्याची बादली तिनं उंबऱ्याबाहेर सरकवली. "लादी आत्ता पुसलीय. आधी नीट धुवा, मग आत या."