सखोपंत कारखानीस यांचे वीजपेटीची हकीकत

श्री. अग्नीस नमन, आणि जें ज्वाळेवांचून जळतें त्यासही नमन. शके १९४६ क्रोधीनाम संवत्सरापासून पुढें, डोंगरमाथ्यावरील एके राज्यांत जें वर्तलें तें यथास्थित लिहितों.

ते राज्यीं राजवाडा आणि आरोग्यशाळा या दोन घरांस वीज पुरवावी म्हणोन आम्लाची मोठी वीजपेटी बसविली होती, आणि तिचे कारखानीस सखोपंत आठल्ये होते. पेटींत एके अंगें हायड्रोजन, दुसरे अंगें हवा, मध्यें आम्ल; आणि आम्लाचे दोहों बाजूंस कार्बनाचे सच्छिद्र पत्रे, त्यांवर प्लॅटिनमचे बारीक कण, त्या कणांचे बळें वीज उपजे. पेटी अखंड चाले तंव कांहीं कुरकूर नव्हती. मग दिवाण निंबाजीराव यांचे मनीं आलें कीं, राजवाडा निजतो तेव्हां वायू व्यर्थ कां जावा. सबब पेटी रोज रात्रीं बंद करावी, पहाटे सुरू करावी, आरोग्यशाळेस तोंवर बॅटरी पुरे. सखोपंतांनीं अर्ज केला कीं, बंद पेटींत हायड्रोजनाचे घरीं हवा शिरते, आणि पहाटे पुन्हां वायू सोडितां दोहोंची गांठ पडोन पलीकडील पत्र्यावर विजेचा ताण फार चढतो, तेणें कार्बन आंतले आंत जळोन जातो, आणि कार्बन गेला म्हणजे प्लॅटिनमचे कण निराधार होतात. दिवाणजींनीं ऐकोन घेतलें आणि हुकूम कायम केला. सखोपंत पुन्हां गेले, पुन्हां तेंच जाहलें. मग तिसरे खेपेस निघाले, ते जिन्यावरूनच माघारे फिरले, आणि त्या रात्रीपासून आपले हातें पेटी बंद करूं लागले.

वर्ष सरलें. पत्रे झिजले, कण एकमेकांस चिकटोन गोळे जाहले, छिद्रांत आम्ल भरोन हवेस वाट राहिली नाहीं. पेटी अशक्त जाहली आणि बॅटरीही पुरती भरेना. ऐशांत परमुलुखींचे पाहुणे आले आणि दिवाणजींचा हुकूम जाहला कीं, दिवेलागणीस राजवाड्याचा एकही दिवा मंद नसावा. दिवे लागले आणि पेटीचा जोर एकाएकीं खचला. मग आरोग्यशाळेच्या वैद्या मथुराबाई स्वतां धांवत आल्या. त्यांजकडे सातवे महिन्यांत उपजलेली मुलगी उबेचे काचपेटींत ठेविली होती.

"पंत, ऊब उतरते आहे. पोरीचे पाय गार पडले," बाई बोलिल्या.

 सखोपंतांनीं उठोन राजवाड्याचा खटका पाडिला. पाहुणे पंक्तीस अंधारांत बसले, आणि आरोग्यशाळेंत काचपेटी पुन्हां ऊब धरूं लागली.

निंबाजीराव आले ते मशाल घेवोन आले, आणि दिवे कोणी मालविले म्हणोन पुसूं लागले. सखोपंत बसलेच राहिले.

"आम्ही मालविले. पेटीस दोन घरें पोसावयाचें बळ उरलें नाहीं. एक निवडिलें."

दिवाणजी रागें भरले होते. परंतु मथुराबाईंनीं त्यांस काचेपाशीं नेलें, आणि मुठीएवढी छाती चालतां पाहोन त्यांचा राग ओसरला. मग हळूच म्हणाले, "आजपासून पेटी बंद करूं नका. म्हणजे पूर्ववत होईल ना?"

"गेला कार्बन परत येत नाहीं, साहेब," सखोपंत बोलिले. हा हुकूम मिळावा म्हणोन त्यांनीं जोडे झिजविले होते. आतां मिळाला, आणि त्यांस आनंद वाटावयाचें तेंही बळ नव्हतें.

पुढें पेटीनें एकट्या आरोग्यशाळेचा भार वाहिला. मुलगी बाळसें धरोन आईचे कडेवर घरीं गेली. कार्तिकांत, भर दुपारीं, पेटी कायमची बंद पडली. सखोपंतांनीं तिजवर हात ठेविला, कोमट लागली. ती पुरती थंड होईतों तेथेंच उभे राहिले, आणि मग घरीं जावोन निजले. राज्यावर शत्रू आला नाहीं, तोफ वाजली नाहीं, पेटी मात्र गेली. एक जीव राहिला. इतकेंच वर्तमान.