भीमपलासाला दाखवलेलं ऊन

"भागिरथाबाईले तिचाच आवाज ऐकवतो. येत्या रविवारी, माह्या घरी, दुपारी तीन वाजता. नाई ऐकवला तं साऱ्या रेकॉर्डी बांधून विहिरीत सोडतो अन् पत्ते कुटत बसतो!"

कामरगावच्या बसथांब्याजवळ रतनसिंगच्या चहाच्या हॉटेलात माणिकराव गुरुजींनी ही प्रतिज्ञा केली, ती चौऱ्याहत्तर सालच्या मे महिन्यात, गुरुवारी सकाळी. प्रतिज्ञा करताना शहाण्या माणसाने थोडी पळवाट ठेवावी. पण गुरुजी तिसरीचा वर्ग शिकवत, आणि तिसरीच्या पोरांपुढे पळवाट चालत नाही. ती सवय अंगात मुरलेली.

त्या काळी कामरगावात शास्त्रीय गाणं ऐकणारी माणसं मोजून सात होती आणि गुरुजी त्यांचे म्होरके. पोटाला चिमटा घेऊन त्यांनी रेकॉर्ड प्लेअर घेतला होता, वीज गेली तरी सेलवर चालणारा. अमरावतीचा जुना बाजार, कारंज्याचा भंगारवाला, कुणाच्या घरची आवराआवर, असं जिथून मिळेल तिथून वेचत त्यांनी एकेचाळीस रेकॉर्डी जमवल्या होत्या. दर रविवारी दुपारी त्यांच्या ओसरीवर बैठक भरायची. नियम कडक. बिडी बाहेर. मधे बोलायचं नाही. समेवर मान सगळ्यांनी मिळून हलवायची, आणि सम कुठे आली ते कळलं नाही तर गुरुजींच्या मानेकडे बघायचं. रेकॉर्डला हात फक्त गुरुजींचा, तोही कडेला. आणि रेकॉर्ड ज्या वेगाची असेल त्याच वेगाने ती वाजली पाहिजे. वेग चुकवणं म्हणजे गाणाऱ्याचा गळा दाबणं, असं गुरुजी ठणकावून सांगत.

आता गाणं कुठेही, केव्हाही ऐकू येतं. तेव्हा तीन मिनिटांच्या एका चीजेसाठी सात मोठी माणसं आठवडाभर रविवारची वाट बघत, आणि ती संपली की पुन्हा लावा म्हणायला लाजत. ज्ञानबा सुतार तर बैठकीसाठी धुतलेला सदरा घालून यायचा. तसं ऐकणं पुन्हा होणे नाही, हे साफ सांगून टाकतो.

तर भागिरथाबाई. ती मंगरूळपीरची, वय सत्तर. ऐन उमेदीत मुंबईला जाऊन तिने एकच रेकॉर्ड भरली होती, त्यात भीमपलास रागातली चीज. तिच्याजवळची प्रत जावयाच्या पायाखाली गेली, त्यालाही तीस वर्षं उलटली होती. तेव्हापासून तिने स्वतःचा तरुण आवाज ऐकला नव्हता. गुरुजींना तीच रेकॉर्ड अमरावतीला गंजक्या कुलपांच्या ढिगाखाली सापडली. ते लगोलग मंगरूळपीरला गेले आणि म्हातारीला सांगितलं. ती म्हणाली, "मास्तर, ऐकव रे बाबू. मराच्या आधी एकदा ऐकू दे मले." गुरुजींनी तिथेच तिला रविवारचं बोलावणं दिलं, आणि तेव्हापासून त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं.

बाकीच्या चाळीस रेकॉर्डी ट्रंकेत कुलूपबंद असत. ही मात्र रोज ऐकायची म्हणून धोतराच्या फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवलेली. आणि घरात होती रुख्मिणी, गुरुजींची बायको. तिला गाण्यातलं फारसं कळत नव्हतं, पण नवऱ्याचं व्याख्यान पाठ होतं. "रेकॉर्डीचा खरा दुश्मन म्हणजे ओल. पावसाळ्यात बुरशी धरली का गेली कामातून." बैठकीतल्या सातजणांपेक्षा तिने हे जास्त मन लावून ऐकलं होतं, आणि तेच नडलं.

मृग लागायच्या आधी वऱ्हाडात घरातल्या एकूण एक वस्तूला ऊन दाखवतात. ज्वारी, डाळी, गोधड्या, लाल मिरची, लग्नातला शालू, कशाकशाला सोडत नाहीत. शुक्रवारी गुरुजी शाळेत निकालाचे कागद पुरे करायला गेले आणि रुख्मिणीने सारं घर टिनाच्या छपरावर नेऊन पसरलं. दुपारी गुरुजी घरी आले. फळीवर नुसतं फडकं.

"रेकॉर्ड कोठी हाय?"

"टिनावर. ऊन दाखवून राह्यली तिले. आता वर्षभर बुरशीचा घोर नाई."

गुरुजी चपलांसकट शिडी चढले. टीन असं तापलेलं की पापड आपोआप भाजावा. मिरच्या आणि गोधडी यांच्या मधोमध भीमपलास पडला होता. एक कड वर उचललेली, समोरची खाली खचलेली, तव्यावर अर्धवट फुगलेल्या भाकरीसारखा.

"तुमीच तं सांगतलं होतं ओल नाई पाह्यजे म्हणून," रुख्मिणी खालून म्हणाली.

"ओल नको म्हणलं होतं, ऊन दे नोतं म्हणलं!"

"मंग ओल जाईन कशी? फुकून?"

याचं उत्तर तिसरीच्या पुस्तकात नव्हतं.

शनिवारी सकाळी ज्ञानबा आणि रतनसिंग धावत आले. रतनसिंग व्यवहारी माणूस. तो म्हणाला, "मंगरूळले निरोप धाडा. म्हणा, पुढच्या महिन्यात या."

"काय सांगू तिले? तुमाले मिरच्याईसंगं वाळू घातलं म्हणून? सत्तर वर्षाची बाई हाय, रतनसिंग. तिले पुढचा महिना कायले दाखवता?"

मग ज्ञानबाने अक्कल लढवली. उन्हाने वाकली ती उन्हानेच सरळ व्हावी. रेकॉर्ड पुन्हा जरा तापवली, रंधा मारलेल्या दोन फळ्यांमध्ये धरली आणि वर ज्वारीचं पोतं ठेवलं. पोतं पुरेना, म्हणून पोत्यावर रतनसिंग बसला. रतनसिंगही पुरेना, म्हणून त्याच्या शेजारी ज्ञानबा आणि शेवटी स्वतः गुरुजी. ओसरीवर एका पोत्यावर तीन बापे, तिघांच्या माना खाली. दारात रुख्मिणी पदराने डोळे पुसतेय, कारण ती मिरच्या निवडून उठली होती. नेमकी अशा वेळी शेजारची लिलाबाई आली.

"काय झालं वो?" तिने हळूच विचारलं.

"मंगरूळची भागिरथाबाई," रतनसिंग म्हणाला. "उद्या येणार होती बिचारी."

लिलाबाईने तोंडाला पदर लावला आणि आल्या पावली परत गेली. लिलाबाईला एखादी गोष्ट कळली की ती गावाला कळायला पाणी भरायचा एक फेरा पुरे असे. तासाभरात माणसं यायला लागली. येणारा अंगणात टोपी काढून उकिडवा बसायचा, जमिनीकडे बघायचा. म्हातारे उकंडराव तर काठी टेकत, उन्हातान्हातून आले आणि गुरुजींच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "धीर धरा. आपल्या हातात काय असते?"

आता मूळचं कारण कुणी विचारीना, कारण अशा घरी कारण विचारत नाहीत. आणि गुरुजी सांगेनात, कारण त्यांना वाटलं सगळ्यांना माहीत आहे. अंगणात चाळीस-पन्नास माणसं बघून ते भारावले. एका रेकॉर्डीसाठी एवढं गाव हळहळतंय! इतके दर्दी लोक इथे राहत होते आणि आपण सातच जण मोजत बसलो. त्यांनी पोत्यावरूनच हात जोडले.

"तुमी आले, बरं वाटलं. आमी आपल्याकडून दाबून पाहून राह्यलो. थोडीशी आशा हाय."

उकंडरावांनी पोत्याकडे बघितलं, मग गुरुजींकडे, आणि दुःखाने माणूस असं बोलतो हे समजून मान हलवली. संध्याकाळी चार घरांतून पिठलं-भाकर आली. दुखवट्याच्या घरी चूल पेटवत नाहीत, हा रिवाज. रुख्मिणीने सगळं घेतलं. आपल्याला आज चुलीजवळ बसावं लागू नये असं इतक्या जणींना एकदम का वाटलं, हे तिला कळलं नाही, पण तिने फार चौकशीही केली नाही.

रविवारी फळ्या उघडल्या. भाकरीची फूग गेली होती आणि त्या जागी लाटा आल्या होत्या. ज्ञानबा म्हणाला, "पयलेपेक्षा बरी हाय." तो कुठल्याही टेबलाबद्दल हेच म्हणायचा.

पावणेतीनच्या बसमधून भागिरथाबाई उतरली. पांढरं लुगडं, हातात कापडी पिशवी, पाठ ताठ. थांब्यावर लिलाबाई कुणालातरी म्हातारीच्या शेवटच्या दुखण्याची हकीकत सांगत होती, ती अर्ध्यातच थांबली. भागिरथाबाईने तिलाच विचारलं, "माणिकराव मास्तराचं घर कोठी हाय, बाई?" लिलाबाईने नुसतं बोट दाखवलं. म्हातारी चालू लागली आणि तिच्या मागे, दहा पावलं सोडून, सारा बाजार चालू लागला. गुरुजींच्या अंगणात मावली नाहीत तेवढी माणसं भिंतीवर चढली. सातजणांची बैठक दोनशेंवर गेली.

भागिरथाबाई ओसरीवर सतरंजीवर बसली आणि पदर सावरून मशीनकडे बघू लागली. मग सरकत सरकत मशीनच्या अगदी जवळ आली. ते गुरुजींना दिसलं, आणि खरं सांगायचं धैर्य होतं नव्हतं तेवढं गेलं. त्यांनी रेकॉर्ड लावली.

सुई पहिल्या लाटेवर चढली आणि उडून थेट मधोमध जाऊन पडली. गुरुजींनी पुन्हा ठेवली, पुन्हा उडाली. ज्ञानबाने खिशातून चार आण्याचं नाणं काढून सुईच्या डोक्यावर ठेवलं. नाण्यासकट उडाली. भिंतीवरचा एक जण हसला. भागिरथाबाई मात्र तशीच बघत होती, न हसता, न विचारता. आता एकच उपाय उरला होता, आणि तो करण्यापेक्षा त्यांनी शाळेत दारू पिऊन जाणं पत्करलं असतं. त्यांनी डोळे मिटले आणि मशीनच्या वेगाचा खटका मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांवरून पंचेचाळीसवर आणला.

सुई उडाली नाही. संथपणे लाटा चढू-उतरू लागली, आणि त्या पेटीतून भीमपलास आला. पण भरदार, खालच्या पट्टीतला, सावकाश, ऐन पन्नाशीतल्या पुरुषाचा.

"बाई म्हणले होते ना? हा तं बुवा हाय," भिंतीवरून आवाज आला.

गुरुजींनी सुई उचलायला हात पुढे केला. भागिरथाबाईने त्यांचं मनगट धरलं.

"राहू दे."

तिने मनगट सोडलं नाही. चीज पाच मिनिटं चालली. दोनशे माणसांत कुणी खोकलं नाही, आणि सम कुठे आली हे बघायला कुणी गुरुजींच्या मानेकडे बघितलं नाही. संपली तेव्हा म्हातारीच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"हा माह्या बाप्पूचा, माह्या बापाचा आवाज हाय," ती म्हणाली.

गुरुजी खरे बोलणारे गृहस्थ. त्यांना राहवेना. "बाई, माफ करा. हा तुमचाच आवाज हाय. रेकॉर्ड उन्हानं वाकली, म्हणून म्या फिरकी कमी केली. फसवलं म्या तुमाले."

"मले माहीत नाई काय?" भागिरथाबाईने पदराने तोंड पुसलं. "माही चीज मले ओळखू येत नाई? पण बाप्पूनंच शिकवली होती ती, हरकती सुदा त्याच्याच. मुंबईले माह्यासंगं आला होता. कंपनीवाले म्हणे, बायाईचा आवाज पाह्यजे, बुढ्याचा कोण घेते? बाहेर बाकड्यावर बसून राह्यला दिवसभर. माहा आवाज तं मी सत्तर वर्ष ऐकून राह्यली, मास्तर. त्याचा कोणी घेतलाच नाई."

अंगणात कुणीतरी नाक ओढलं. पुढे रतनसिंगने सगळ्यांना चहा पाजला आणि हिशोब विचारला नाही, यावरून काय ते समजा.

जाताना गुरुजींनी रेकॉर्ड फडक्यात बांधून तिच्या पिशवीत ठेवली. तिच्याकडे मशीन नव्हतं. त्यामुळे महिन्यातून एक रविवार गुरुजी आपलं मशीन मांडीवर घेऊन मंगरूळपीरच्या बसमध्ये बसू लागले, आणि स्वतःच्या हाताने खटका पंचेचाळीसवर आणू लागले. पण मन त्यांना खात होतं. खरी भागिरथाबाई तिने अजून ऐकलीच नाही, ही टोचणी जाईना. त्यांनी अमरावती धुंडाळली, अकोला धुंडाळलं, नागपूरला पत्रं लिहिली. दोन वर्षांनी एका वकिलाच्या घरून तीच रेकॉर्ड मिळाली, कोरी करकरीत, आरशासारखी सपाट. उराशी धरून ते मंगरूळपीरला घेऊन गेले. नियमाप्रमाणे अठ्ठ्याहत्तरवर लावली. तिशीतली भागिरथाबाई अशी लखलखीत गायली की गुरुजींच्या अंगावर काटा आला.

म्हातारीने शेवटपर्यंत शांतपणे ऐकलं. सुई थांबली.

"बरी गायली पोरगी," ती म्हणाली. "काढ आता तिले. बाप्पूले लाव."