मधली काळी पट्टी

एका चौकटीत दोन चित्रं कशी बसवायची, हे मला कोणी शिकवू नये! बावीस वर्षं फोटोंच्या फ्रेमा बनवतोय मी. एकाच काचेमागे आजोबा आणि आजी, नवरा आणि बायको, मालक आणि त्याचा कुत्रा. मधे पट्टी ठोकली की दोघांचे दोन खण. या खणातलं त्या खणात जात नाही.

त्यामुळे माझ्या साडूने फोनच्या एकाच स्क्रीनवर दोन ॲप उघडून दाखवले आणि अख्खं सासर वा वा करायला लागलं, तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सरळ सांगतो, मी जळलो. ज्यांना आयुष्यात कोणाचाच हेवा वाटला नाही त्यांनी हे वाचू नये. खोटारड्यांसाठी मी लिहीत नाही.

साडू लिफ्ट दुरुस्त करतो. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. चार वर्षांपूर्वी घरात आला आणि बटण दाबल्यासारखा थेट वरच्या मजल्यावर! सासऱ्यांचा रेडिओ खरखरला, बोलवा धाकट्या जावयांना. चष्मा सापडत नाही, विचारा धाकट्या जावयांना. मी तिथेच बसलेला असतो हो! मला म्हणतात, "मोठे जावई, जरा सरका, त्यांना बसू द्या."

आता सासऱ्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. ऑपरेशनला सोबत कोण जाणार, हे रविवारी व्हिडिओ कॉलवर ठरणार होतं. शहाणा माणूस अशा वेळी फोन बंद करून झोपतो. पण मला ते काम हवं होतं. हवं म्हणजे हवंच!

तीन दिवस मी दुकानात काच बाजूला ठेवून फोनशी झटापट केली. कधी वरचा ॲप टपालपेटीच्या फटीएवढा व्हायचा, कधी खालचा गायब. एकदा दोन्हीकडे कॅल्क्युलेटरच उघडले! पण शनिवारी जमलं. वर एक, खाली एक, आणि मधे सुबक काळी पट्टी. माझ्या हातची वाटावी अशी!

रविवारी दुपारी दुकानाचं दार लोटून मी बसलो. वर कॉल. बायको माहेरी, सासऱ्यांसमोर फोन धरून. दुसऱ्या चौकोनात साडू आणि मेहुणी. आणि खाली, पट्टीच्या पलीकडे, माझ्या ताईची चॅट. जळजळ कुठेतरी ओकायला नको का?

साडूने सुरुवात केली, "बाबा, मी वर तुम्हाला बघतोय आणि खाली डॉक्टरांच्या वेळा."

"बघा!" बायको म्हणाली. कोणाला, ते सांगायला नको.

मेहुणी गोड आवाजात म्हणाली, "भावोजी, तुमच्या फोनमध्ये होतं का हो असं?"

"होतं का म्हणजे? दाखवतोच!"

आणि मी स्क्रीन शेअर केली.

माझा हिशोब साधा होता. मधे पट्टी आहे. वरच्या खणातलं त्यांना दिसेल, खालच्यातलं माझं मला. बावीस वर्षांत एकाही फ्रेममध्ये आजी पट्टी ओलांडून आजोबांकडे गेलेली नाही!

सगळे एकदम पुढे झुकले. डोळे विस्फारून बघायला लागले. मी मनात म्हटलं, आता जळा! आणि ताईला लिहायला घेतलं.

"लिफ्टवाला लागला मिरवायला. बोलतो असा की डॉक्टरला यानेच डॉक्टरकी शिकवली."

"अहो!" बायको ओरडली. "अहो, बंद करा ते!"

बहिणीला कमीपणा येतोय म्हणून हिला झोंबलं, असं मला वाटलं. मी दुप्पट जोमाने लिहिलं.

"केसांना एवढं तेल लावतो की लिफ्टच्या तारांनाही पुरेल."

मेहुणीने तोंडावर हात ठेवला. साडूने केसांवर.

"आणि म्हातारा! डोळ्यांनी दिसत नाही ते ठीक, पण माणसं तर कधीच दिसली नाहीत त्याला."

ताईने लिहिलं, "अरे, मग तूच म्हण ना, मी नेतो."

आता मात्र माझा हात थांबला. मग लिहिलं, "बारा वर्षांत म्हाताऱ्याने एकदा तरी म्हटलंय का, मोठे जावई, तुम्ही चला माझ्याबरोबर? मी विचारलं आणि तो नको म्हणाला तर?"

तेवढ्यात सासऱ्यांचा आवाज आला. "मोठे जावई काहीतरी लिहितायत वाटतं. हलतंय तेवढं दिसतं, पण अक्षर लागत नाही. अगं, वाच की!"

बायको गप्प. मेहुणी गप्प. आणि माझ्या पायाखालची फरशी सरकली. पट्टी! मेली पट्टी नुसती शोभेची होती!

मी बोटं आपटत सुटलो. बंद करायला गेलो तर अक्षरं अजून मोठी झाली!

"मी वाचतो, बाबा," साडू म्हणाला.

संपलं. मी डोळे मिटले. त्याने घसा खाकरला आणि एकेक ओळ वाचली. लिफ्टवाला वाचला. डॉक्टरकी वाचली. स्वतःच्या केसांचं तेलही, न अडखळता. मग एक ओळ सोडली आणि म्हणाला, "पुढे लिहिलंय, बारा वर्षांत बाबांनी एकदा तरी म्हटलंय का, मोठे जावई, तुम्ही चला माझ्याबरोबर? मी विचारलं आणि ते नको म्हणाले तर?"

म्हाताऱ्याने नाही. बाबांनी!

मग सासरे म्हणाले, "अहो, तुमचं दुकान बंद राहील म्हणून मी तुम्हाला कधी सांगत नव्हतो. हे असं मनात धरून बसायचं असतं होय? ते काही नाही. दोन्ही डोळ्यांचं एकदम करत नाहीतच. उजवा धाकट्या जावयांकडे, डावा तुमच्याकडे!"

पहिला उजवा. म्हणजे पहिला मान पुन्हा त्यालाच! तरीही उजव्याच्या वेळी मी मुद्दाम गेलो. सासरे आत होते. बाहेरच्या बाकावर मी साडूला गाठलं.

"ती ओळ का गाळलीस?"

"कोणती ओळ, दादा?"

"उगाच वेड पांघरू नकोस. म्हाताऱ्याची."

"स्क्रीन छोटी होती हो. दिसली नसेल." एवढं बोलून तो माझ्यासाठी चहा आणायला गेला.

सांगा, याला काय म्हणावं? भांडला असता तर मी दोन हात केले असते. पण माणसाने इतकं चांगलं वागायचं? समोरच्याला जळायलाही जागा ठेवायची नाही? निव्वळ दुष्टपणा आहे हा!

माझा डोळा पुढच्या महिन्यात आहे. चहा मी थर्मास भरून नेणार आहे, दोन प्रकारचा! फक्त एक विनंती. हे कुठे छापून आलंच तर म्हाताऱ्याच्या, चुकलो, सासऱ्यांच्या हाती पडू देऊ नका. उजवा डोळा उघडल्यापासून ते सगळं स्वतःच वाचतात.