पान्ह्याबाबत तातडीची सभा

सुलक्षणाच्या बाळाला चार दिवस झाले होते आणि ते अंगावर नीट पीत नव्हतं, ही बाब तिचे वडील हौसराव यांच्या निदर्शनास मंगळवारी सकाळी आणून देण्यात आली. हौसराव कवठे येमाईतल्या एका दूध संस्थेचे सलग तीन वेळचे चेअरमन. दुधाच्या बाबतीत गावात काही अडावं आणि ते आपल्याला न कळवता अडावं, हे त्यांना पटण्यासारखंच नव्हतं.

"चार दिस झालं, आन् मला आत्ता सांगता?" ते ओट्यावरून गरजले.

"तुमी बाप हाय तिचं," त्यांच्या पत्नी कस्तुराबाई म्हणाल्या. "बापाला कसं सांगायचं असलं?"

"मग चेअरमनला सांगायचं!"

आतल्या खोलीत सुलक्षणा बाळाला छातीशी धरून रडकुंडीला आली होती. बाळ तोंड लावायचं, दोनदा ओढायचं, सुटायचं आणि लालबुंद होऊन किंचाळायचं. छाती दगडासारखी घट्ट झाली होती, भेगा पडून ठणकत होती. शिरूरच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, उद्यापर्यंत वजन आणखी उतरलं तर बाळाला दाखल करायचं. कुणीतरी शेजारी बसून बाळ धरायचं कसं ते दाखवावं, एवढंच तिला हवं होतं. शेजारी बसलेल्या बायका सात होत्या. एकीनं अळीव आणले होते, दुसरीनं शेपू, तिसरीनं स्वतःच्या तिन्ही बाळंतपणांची हकिकत. धरायचं कसं हे कुणी सांगत नव्हतं. ते कुणालाही येतंच, असं सगळ्यांचं मत होतं.

नवरा पृथ्वीराज कुरकुंभच्या एका कंपनीत क्वालिटीला होता. तो शिफ्ट बदलून आला होता. त्यानं भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, पाठकोरी बाजू वर केली आणि पेन उघडलं.

"कंपनीत मशीन अडलं की आमी पाच वेळा 'का' विचारतो. मूळ कारण सापडतंच. बाळ पीत का न्हाई? तर तोंड सुटतंय. तोंड का सुटतंय? रडतंय. का रडतंय? भूक लागलीया. भूक का लागलीया?" तो थांबला. "तर पीत न्हाई."

"मग?" सुलक्षणानं विचारलं.

"मग काय, पहिल्यापास्नं." त्यानं दुसरा महिना उलटला.

अकरा वाजता हौसरावांनी संचालक मंडळाची तातडीची सभा बोलावली. बाळंतीण उठू शकत नसल्यामुळे सभा कार्यस्थळी, म्हणजे बाळंतिणीच्या खोलीत घेण्याचं ठरलं. पाच संचालक आले. माणसं मर्यादेची. पाचही जणांनी खुर्च्या भिंतीकडे तोंड करून मांडल्या आणि भिंतीला उद्देशून चर्चा सुरू केली. 'दूध' हा शब्द प्रसंगी अवघड वाटत असल्यामुळे 'संकलन' म्हणावं, असं एकमतानं ठरलं.

सचिव संपत यांनी सवयीनं मसुदा वाचला. "संकलनात वाढ होण्यासाठी सकाळ-संध्याकाळ दोन किलो सरकी पेंड..."

"पेंड खोड," हौसराव भिंतीकडे बघत म्हणाले. "अळीव लिही."

"दोन किलोच ऱ्हाऊ द्यायचं का?"

"ऱ्हाऊ दे. लेकीच्या बाबतीत हात आखडायचा न्हाई."

ठराव मताला टाकताच बाळानं मोठ्यानं टाहो फोडला. 'एक मत विरोधात' अशी नोंद झाली.

"आबा, मला बोलायचंय," सुलक्षणा म्हणाली.

हौसरावांना गलबलून आलं, पण नियम तो नियम. "बाळे, संचालकांशिवाय कुणाला सभेत बोलता येत न्हाई."

पुढचा ठराव देखरेखीचा होता. बाळ पाजण्याच्या प्रत्येक वेळी किमान सहा साक्षीदार हजर असावेत, म्हणजे अडचण नेमकी कुठं येते ते कळेल. सुलक्षणानं बाळाला पुन्हा छातीशी घेतलं, तेव्हा सात बायका वाकून बघत होत्या, पाच संचालक कान देऊन होते, पृथ्वीराज सेकंद मोजत होता. बाळानं तोंड लावलं. सगळ्यांनी श्वास रोखले. "लागलं!" पाचही संचालक एकदम ओरडले आणि बाळ दचकून सुटलं. सुलक्षणानं डोळे मिटले. दवाखान्याची पिशवी भरायला घ्यावी, असं तिला वाटलं.

एवढ्यात बाळाला न्हाऊ घालणाऱ्या ताईबाई ऊन पाण्याची बादली घेऊन दारात आल्या.

"व्हा बाहीर."

"सभा चालू हाय, ताईबाई," हौसराव म्हणाले.

"पोरीला पान्हा फुटायचाय, ठराव न्हाई. व्हा बाहीर. चेअरमन, तुमी बी. आन् त्ये कॅलेंडर घिऊन जा."

खोली रिकामी झाली. ताईबाईंनी ऊन पाण्यात फडकं पिळून छातीवर ठेवलं, हलक्या हातानं थोडं दूध काढून टाकलं. घट्टपणा उतरला. मग बाळाचं पोट सुलक्षणाच्या पोटाला लावलं. "घाई करू नगं. जांभई दिल्यागत तोंड उघडंल, तवा जवळ घे. आत्ता... घे."

बाळानं घेतलं. मग त्या खोलीत पहिल्यांदाच घटाघटा गिळण्याचा आवाज आला. सुलक्षणाचे खांदे खाली आले आणि डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "ताईबाई, पितंय गं," ती कुजबुजली.

"पिणारच की. त्याला काय कोरम लागतोय?"

ताईबाई फडकं वाळत घालायला वळल्या आणि कोपऱ्याकडे बघून थबकल्या.

"आन् तुमी वो?"

कोपऱ्यात आपण होतो. पहिल्या ओळीपासून बसलेले. मदतीला एक बोट उचललेलं नाही, आणि आताही पुढं काय होतंय म्हणून मान लांब केलेले. संचालकांनी निदान तोंड भिंतीकडे तरी केलं होतं.

"नाही, आम्ही आपलं नुसतं वाचत..."

"समदी नुसतीच आली व्हती. उठा. आन् जाताना दार वढून घ्या."